जर्मनमध्ये शब्द 'बघायचा' कसा: नाखश्लागन, डूडन, श्टिखवोर्ट आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यात जर्मन शिकवते, ए वन ते बी टू या पातळ्या, आणि प्रत्येक बॅचला साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेत, जमेल तितके उच्चाराच्या जवळ. एकच लक्षात ठेवा, 'नाख' मधला ख घशातून येतो, खाकरल्यासारखा, आणि 'श्टिखवोर्ट' मधला ख जिभेच्या पुढच्या भागातून, श आणि ह च्या मध्ये कुठेतरी. दोन्ही मी ख नेच लिहिलेत कारण दुसरं अक्षर आपल्याकडे नाहीये.

'शब्दकोशात बघणं' याला जर्मनमध्ये एक शब्द कुठला?

नाखश्लागन. इख मुस डास वोर्ट नाखश्लागन, म्हणजे मला हा शब्द बघायला लागेल. क्रियापद तुटणारं आहे, त्यामुळे साध्या वाक्यात 'नाख' शेवटी जातो: इख श्लागं डास वोर्ट नाख. 'इख नाखश्लागं' असं नाही म्हणायचं, ही चूक मी दर आठवड्याला ऐकते. डू (तू) बरोबर श्लेगस्ट नाख होतं, भूतकाळ श्लूग नाख, आणि बोलताना इख हाबं एस नाखगेश्लागन. 'वाइल' (कारण) आलं की मात्र परत जोडलं जातं, वाइल इख डास वोर्ट नाखश्लागं, आणि 'उम... त्सू' (करण्यासाठी) मध्ये ते त्सू चक्क पोटात शिरतं: उम डास वोर्ट नाखत्सुश्लागन. जोर कायम 'नाख' वर.

पण श्लागन म्हणजे मारणं ना? शब्दाला मारायचं कशाला?

हो, श्लागन म्हणजे मारणं, हाणणं. पण पुस्तक उघडण्यालाही जर्मन माणूस आउफश्लागन म्हणतो, क्लासमध्ये 'श्लागन झी बिटं झाइटं त्स्वान्त्सिख आउफ' ऐकलं असेल, विसावं पान उघडा. म्हणजे श्लागन इथे पुस्तकाशी जोडलेलं आहे, नाखश्लागन त्याच घरातलं. एकदा आउफश्लागन डोक्यात बसलं की नाखश्लागन विचित्र वाटत नाही, म्हणून मी दोन्ही एकाच दिवशी शिकवते.

आणि याच क्रियापदाचा एक अगदी वेगळा अर्थ आहे जो मला फार आवडतो. झी श्लेगट डेअर मुटर नाख, म्हणजे 'ती आईवर गेलीय'. आपल्याकडे मूल आईवर 'जातं', तिकडे आईच्या मागून 'श्लागन' करतं. या अर्थी भूतकाळ 'झाइन' (असणं) या सहायक क्रियापदाने होतो आणि आई डाटिफमध्ये, म्हणजे आपल्या चतुर्थीसारख्या विभक्तीत, येते. वाक्यात माणूस डाटिफमध्ये दिसला आणि शब्दकोश कुठेच नसला तर हा अर्थ घ्या.

इम व्योर्टरबूख की इन्स व्योर्टरबूख?

इम. डाटिफ. मराठीत 'शब्दकोशात' हे एकच रूप दोन्हीकडे चालतं त्यामुळे आपल्याला फरक जाणवत नाही, पण जर्मन विचार असा की तुम्ही कोशाच्या आत आहात आणि तिथे शोधताय, बाहेरून आत जात नाही आहात. इम डूडन (प्रसिद्ध जर्मन शब्दकोश) नाखश्लागन, इम लेक्सिकॉन नाखलेझन, इम इंटरनेट नाखशाउएन, सगळीकडे इम. कुठल्या शब्दाखाली शोधायचं हे सांगायला 'उन्टर' वापरतात: उन्टर डेम श्टिखवोर्ट हाउस, हाउस या नोंदीखाली.

नाखझेएन, नाखशाउएन, नाखगुकन, नाखलेझन... यातलं कुठलं कधी?

इथे जरा थांबूया, कारण खरी गंमत इथेच आहे. मराठीत आपण सगळ्याला 'बघ' म्हणतो: डिक्शनरीत बघ, फ्रिजमध्ये दूध आहे का बघ, ट्रेन किती वाजता आहे बघ. जर्मन माणूस यात फरक करतो.

नाखश्लागन कधी? जेव्हा समोर रचून ठेवलेलं काहीतरी असतं, अकारविल्हे असेल किंवा विषयवार, शब्दकोश, ज्ञानकोश, व्याकरणाचं पुस्तक, आणि तुम्ही त्यातली नेमकी एक गोष्ट काढून बघता. फ्रिजसाठी नाखश्लागन कधीच नाही.

नाखझेएन सगळ्यात मोकळं. दारावर कोण आहे, दूध उरलंय का, गाडी कधीची आहे, आणि शब्दकोशातसुद्धा. झी माल नाख, ओब नोख मिल्ख डा इस्ट, म्हणजे दूध उरलंय का बघ. हेच दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात नाखशाउएन होतं आणि उत्तरेकडे बोलताना नाखगुकन, ज्यात ग चा उच्चार बरेच जण क करतात. अर्थ तोच. तुम्ही म्युनिकला चाललात तर नाखशाउएन तोंडात बसवा, हॅम्बर्गला चाललात तर नाखगुकन, ऐकणाऱ्याला ते आपलं वाटतं. परीक्षेत लिहायला नाखझेएन.

नाखझेएनचे आणखी दोन अर्थ आहेत तेही सांगून टाकते कारण वाचताना आडवे येतात. एखाद्याचं काहीतरी नाखझेएन करणं म्हणजे त्याची चूक पोटात घालणं. आणि 'डास नाखझेएन हाबन' म्हणजे हात हलवत राहणं, दुसऱ्यांनी सगळं नेलं आणि आपण नुसतं बघत बसलो.

नाखलेझन म्हणजे नुसता अर्थ न बघता नीट दोन-चार परिच्छेद वाचून घेणं. कायद्याचं कलम, कराराची अट, काल वर्तमानपत्रात आलेली बातमी. शब्दाचं लिंग कोणी नाखलेझन करत नाही, पण व्हिसाचे नियम करतात.

आणि हेराउसझूखन, ज्याकडे पुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत पण रोज कानावर येतं, म्हणजे ढिगातून हवं ते शोधून बाजूला काढणं. मैत्रिणीला उद्याची ट्रेन काढून द्यायचीय, डॉक्टरचा फोन नंबर काढायचाय, तर हेराउसझूखन. मराठीतलं 'काढून दे' जवळजवळ हेच.

सगळीकडे 'नाख' का आहे?

नाख म्हणजे नंतर, मागून, च्या दिशेने, हे तुम्हाला माहितीये. पण काही क्रियापदांना लागला की तो 'खात्री करायला' असा अर्थ देतो. रेखनन म्हणजे हिशोब करणं, नाखरेखनन म्हणजे हिशोब बरोबर आहे ना ते परत करून बघणं. त्सेलन मोजणं, नाखत्सेलन परत मोजणं, दुकानातून मिळालेले सुटे पैसे मोजतो ना तसं. नाखमेसन माप परत घेणं, नाखफ्रागन विचारून खात्री करणं, नाखप्र्युफन पडताळणं. नाखश्लागन आणि नाखझेएन याच कुटुंबातले, डोक्यात एक शंका आहे आणि ती फेडायला तुम्ही जाताय. मी नेहमी सांगते की शब्द सुटे पाठ करू नका, हे सात एकत्र लिहा आणि मध्ये नाख लिहून गोल करा. अर्थात प्रत्येक नाख असा नसतो, नाखमाखन म्हणजे नक्कल करणं आणि नाखहोलन म्हणजे बुडालेलं भरून काढणं, तिथे 'मागून' हाच अर्थ आहे.

व्योर्टरबूख, लेक्सिकॉन आणि एन्त्सिक्लोपेडी यात फरक काय?

व्योर्टरबूख शब्दाबद्दल सांगतं, लेक्सिकॉन वस्तूबद्दल. घोडा या शब्दाचं लिंग, अनेकवचन, म्हणी हव्या असतील तर व्योर्टरबूख, घोडा किती जगतो आणि काय खातो ते हवं असेल तर लेक्सिकॉन. आपल्याकडे शब्दकोश आणि ज्ञानकोश असा फरक आहे तोच. एन्त्सिक्लोपेडी म्हणजे मोठं, सर्व विषयांचं, आपला विश्वकोश. या सगळ्यांना मिळून नाखश्लागंवेर्क म्हणतात. लेक्सिकॉनचं अनेकवचन लेक्सिका, हे परीक्षेत येतं. आणि खूप माहिती असलेल्या माणसाला 'आइन वान्डेल्न्डेस लेक्सिकॉन' म्हणतात, शब्दशः चालता ज्ञानकोश, आपण त्याला बोलताही करतो एवढंच.

जर्मन लोकांचं या पुस्तकांवर जे प्रेम आहे ते जुनं आहे. त्सेडलरचा उनिवेर्झाललेक्सिकॉन १७३२ ते १७५४ मध्ये ६४ खंडांत निघाला, वर ४ पुरवणी खंड. १८०८ मध्ये फ्रीडरिख आर्नोल्ड ब्रोकहाउस यांनी एक अर्धवट राहिलेला कोन्वेर्झात्सिओन्सलेक्सिकॉन विकत घेतला, म्हणजे चारचौघांत बोलताना कुठल्याही विषयावर अडायला होऊ नये म्हणून केलेला कोश, आणि पुढे ब्रोकहाउस हे नाव घराघरात गेलं. त्याची २१ वी आवृत्ती २००५-०६ मध्ये ३० खंडांत आली आणि ती छापील शेवटची ठरली. शब्दांच्या बाजूला ग्रिम बंधू, हो, परीकथांवाले तेच. त्यांच्या जर्मन शब्दकोशाचा पहिला भाग १८५२ ला निघाला, याकोब ग्रिम १८६३ ला गेले तेव्हा काम एफ अक्षरात 'फ्रुख्ट' या शब्दापर्यंत आलं होतं, फ्रुख्ट म्हणजे फळ, आणि पुढच्या पिढ्यांनी ते नेत नेत १९६१ ला पूर्ण केलं, ३२ पुस्तकं. दोन महायुद्धं आणि देशाची फाळणी मध्ये येऊनही काम सोडलं नाही, हे मला दर वेळी सांगताना भरून येतं.

आपलाही यात एक धागा आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड ज्यांनी काढले त्या श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई, माहेरच्या ईडिथ कोह्न, यांनी विंटरनिट्झ या अभ्यासकाच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केलं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

डूडन म्हणजे एक पुस्तक की कंपनी की माणूस?

आधी माणूस. कोनराड डूडन, शाळेचे मुख्याध्यापक, त्यांनी १८८० मध्ये शुद्धलेखनाचा कोश काढला, सुमारे २७,००० शब्दांचा, कारण तेव्हा वेगवेगळ्या राज्यांतल्या शाळा वेगवेगळं लिहायच्या. आज डूडन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतो तो त्याचाच वंशज, पिवळा जाड खंड, २०२४ च्या २९ व्या आवृत्तीत १,५१,००० शब्द आहेत. पण डूडनचे १२ वेगवेगळे खंड आहेत आणि हे कळत नाही म्हणून लोक चुकीचा घेऊन येतात. पहिला शुद्धलेखनाचा, त्यात अर्थ फारच थोडे दिलेले असतात! अर्थ हवे तर दहावा, बेडॉयटुंग्सव्योर्टरबूख. चौथा व्याकरणाचा, सातवा व्युत्पत्तीचा, आठवा समानार्थी शब्दांचा, अकरावा वाक्प्रचारांचा. नववा माझा लाडका, त्स्वाइफेल्सफेलं, म्हणजे जिथे जर्मन लोकांनाच शंका येते अशा जागा.

डूडन म्हणजे कायदा का? १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेपर्यंत शंका आली की डूडनचा शब्द शेवटचा मानायचे. त्यानंतर अधिकृत नियमावली आहे आणि २००४ पासून ती बघायला एक स्वतंत्र परिषद आहे. ऑस्ट्रियाचा स्वतःचा अधिकृत कोश आहे, ओस्टराइखिशेस व्योर्टरबूख, १९५१ पासून.

श्टिखव्योर्टर की श्टिखवोर्टं? अनेकवचनं दोन का?

कोशातली नोंद असेल तर श्टिखव्योर्टर. भाषणासाठी चिठ्ठीवर लिहिलेले मुद्दे किंवा नाटकातला इशाऱ्याचा शब्द असेल तर श्टिखवोर्टं. वोर्टचंच तसं आहे, सुटे शब्द व्योर्टर, कोणीतरी बोललेले अर्थपूर्ण शब्द वोर्टं. लायब्ररीत गेलात तर श्लागवोर्ट भेटेल, तो वेगळा. श्टिखवोर्ट पुस्तकाच्या नावातूनच उचललेला असतो, श्लागवोर्ट ग्रंथपालाने विषय बघून ठरवलेला. सबंध नोंदीला आइनट्राग म्हणतात.

नोंदीतली ती रेघा-टिंबांची भाषा कशी वाचायची?

ही शिका, बाकी काही नाही शिकलात तरी चालेल. हाउस शोधलं तर पुढे डास, मग अर्धविराम, मग आडवी रेघ आणि त्याला चिकटून ई-एस, मग स्वल्पविराम आणि होय्झर. पहिलं लिंग, दुसरं गेनिटिफ (षष्ठी) एकवचन, तिसरं अनेकवचन, कायम याच क्रमाने. नुसती रेघ म्हणजे काही बदलत नाही. फ्राउ पुढे डी, मग नुसती रेघ, मग रेघ आणि ई-एन, म्हणजे गेनिटिफ तसाच, अनेकवचन फ्राउएन. लेरर पुढे रेघ-एस आणि मग नुसती रेघ, एक शिक्षक लेरर आणि दहा शिक्षकही लेरर. स्वराखाली टिंब म्हणजे जोर तिथे आणि स्वर ऱ्हस्व, खाली रेघ म्हणजे जोर तिथे आणि दीर्घ.

क्रियापदाजवळ जे-एम-डी आणि शेवटी एन असेल तर 'येमान्डन', अक्कुझाटिफ म्हणजे कर्माची विभक्ती, शेवटी एम असेल तर 'येमान्डेम', डाटिफ. एका अक्षरात विभक्ती सांगितलीय. हेल्फन शोधा, तिथे एम आहे. त्या एका एम कडे बघितलं असतं तर 'इख हेल्फं डिख' (मी तुला मदत करते, पण डिख अक्कुझाटिफ) ही चूक झालीच नसती. यू-जी-एस म्हणजे उमगांगस्श्प्राखलिख, बोलीतलं, ते मेलमध्ये ऑफिसला पाठवू नका. 'गेह' म्हणजे गेहोबन, भारदस्त. फेराल्टेट म्हणजे जुनं झालेलं.

शब्द कोशात सापडतच नाही, काय करू?

बहुतेक वेळा शब्द असतो, तुम्ही त्याच्या रूपाने शोधताय. एक विद्यार्थिनी अर्धा तास 'रेट' शोधत होती, वाक्य होतं 'एर रेट इअर डाफोन आप'. रेट हे रूप राटनचं, आणि शेवटी 'आप' आहे, म्हणजे शोधायचं आपराटन, नको म्हणून सल्ला देणं. वाक्याच्या शेवटचा शब्द आधी बघायचा, ही सवय लावा. भूतकाळी रूपांसाठी कोशाच्या मागे अनियमित क्रियापदांचा तक्ता असतो, त्सोग म्हणजे त्सीएन, बोट म्हणजे बीटन.

लांबलचक जोडशब्द उजवीकडून तोडा. क्रांकनफेरझिखरुंग्सकार्टं, शेवटी कार्टं, म्हणजे हे एक कार्ड आहे, आणि लिंगही कार्टंचंच, डी. मग डावीकडे फेरझिखरुंग, विमा, आणि क्रांकन, आजारी. मध्ये जो एस आलाय तो नुसता सांधा आहे, त्याला अर्थ नाही.

आणि वर दोन टिंबं असलेली अक्षरं. शब्दकोशात ती साध्या अक्षरासारखी धरतात, फोनबुकसारख्या नावांच्या यादीत मात्र पुढे ई आहे असं समजून लावतात, आणि दोन्ही पद्धती डिन ५००७ या मानकात आहेत. म्हणून म्युलर हे आडनाव यादीत तुम्हाला वाटतं त्याच्या आधी सापडेल.

'झीएं', 'फेरग्लाइखं', 'एबेन्डा' हे काय आहे?

दुसरीकडे पाठवणाऱ्या खुणा, त्यांना फेरवाइझं म्हणतात. झीएं म्हणजे पहा. एस-ओ म्हणजे वर पहा, एस-यू म्हणजे खाली पहा. व्ही-जी-एल म्हणजे फेरग्लाइखं, ताडून पहा. एबेन्डा म्हणजे आपलं जुन्या ग्रंथांतलं 'तत्रैव', अगदी तेच काम. पान नंबरापुढे एक एफ म्हणजे हे आणि पुढचं पान, दोन एफ म्हणजे पुढची पानं.

इनहाल्टस्फेरत्साइखनिस आणि रेगिस्टर एकच ना?

नाही. पुढे असते ती अनुक्रमणिका इनहाल्टस्फेरत्साइखनिस, मागे असते ती सूची रेगिस्टर. झाखरेगिस्टर विषयांची, पेर्झोनेनरेगिस्टर माणसांची. जाड कोशाच्या कडेला अंगठा घालायला जे अर्धगोल खाचे कापलेले असतात त्यांना डाउमेनरेगिस्टर म्हणतात, डाउमेन म्हणजे अंगठा. आणि लिंग सांभाळा, डेअर बान्ड म्हणजे खंड, डास बान्ड म्हणजे फीत.

'डूडनमध्ये असं लिहिलंय' कसं म्हणायचं?

डास श्टेट इम डूडन. श्टेएन, उभं असणं. 'गेश्रीबन' वापरायचा मोह होतो पण तसं कोणी म्हणत नाही. किंवा लाउट डूडन, डूडननुसार.

कोशात छापलंय म्हणजे खरंच असणार ना?

जवळजवळ नेहमी. पण प्शिरेम्बेल या वैद्यकीय कोशात १९८३ मध्ये 'श्टाइनलाउस' नावाच्या दगड खाणाऱ्या उवेची नोंद घातली होती, विनोदकार लोरिओ यांच्या कल्पनेतून आलेली. १९९४ च्या आवृत्तीत ती काढली तर वाचकांनी तक्रारी केल्या आणि १९९७ ला परत आली.

आता सगळे गूगलच करतात, मग हे शब्द कशाला?

गूगेल्न हा शब्द स्वतःच २००४ मध्ये डूडनमध्ये गेला, इख हाबं एस गेगूगेल्ट म्हणतात. पण ऑनलाइन कोश बघितला तरी क्रियापद नाखश्लागन किंवा नाखझेएनच राहतं, आणि नोंदीची भाषा तीच, तेच एन आणि एम. फुकट आणि विश्वासाचं हवं असेल तर डूडनची साइट आणि बर्लिनच्या अकादमीचं डी-डब्ल्यू-डी-एस बघा. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र यातलं काहीच नाही, ग्योथं संस्थेच्या बी वन, बी टू परीक्षांना शब्दकोश आणि मोबाईल दोन्हीला बंदी आहे.

इंग्रजी अर्थ लिहू की मराठी?

मराठी. मी यावर भांडायला तयार आहे. आपल्याकडे तो-ती-ते आहे, त्यांच्याकडे डेअर-डी-डास आहे, इंग्रजीच्या वाटेने गेलात की लिंग वाटेतच गळून पडतं. दोन्ही भाषांची लिंगं जुळत नाहीत हे खरं, आपला तो सूर्य त्यांच्याकडे डी झोनं आहे, पण चंद्र दोघांकडे पुल्लिंगी. आणि बेकोमन इंग्रजीसारखं दिसतं म्हणून 'होणं' समजतात, तिथे समोर 'मिळणं' लिहिलेलं असेल तर चूक होतच नाही, मला चहा मिळाला, इख हाबं टे बेकोमन. वहीत एका ओळीत लिंगासकट शब्द, अनेकवचन, मराठी अर्थ आणि कोशातलंच एक छोटं वाक्य, आणि पहिल्यांदा ज्या तारखेला नाखगेश्लागन केला ती तारीख. तोच शब्द तिसऱ्यांदा बघायला लागला की शेजारी तिसरी तारीख पडते, मग त्या आठवड्यात तो शब्द रोज एकदा कोणाशी तरी बोला.